रिडक्शन लिनोकटमध्ये तिसरा-चौथा रंग मळका येतो, त्याचं काय करायचं

लिनोलियमच्या एकाच ब्लॉकवर थोडं थोडं कोरत, एकावर एक रंग छापत चित्र करायचं, हे रिडक्शन लिनोकट. त्यात पहिला पिवळा छान आला, दुसरा नारिंगी त्याहून छान, फोटो काढून चार जणांना पाठवूनही झाले, आणि मग निळ्याचा लेयर टाकला तर पेपरवर निळा कुठेच नाही, नुसता मातकट करडा. इंक पसरायच्या काचेवर बघितला तर तोच निळा अजून झकास दिसतोय. मग आपण काय करतो, त्यात अजून निळा घालतो, मग जरा पांढरा, मग परत निळा, आणि पंधरा प्रिंट वाया गेल्यावर इंकला शिव्या घालतो. माझं हे निदान चार वेळा तरी झालंय, आणि नवीन लोक विचारतात तेव्हा त्यांचंही बहुतेक हेच झालेलं असतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

मल्टि-ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक असतो तिथे, चूक झाली तर तो एक ब्लॉक परत कोरता येतो. रिडक्शनमध्ये एकच लिनो, तोच कोरत कोरत कमी करायचा, त्यामुळे मागचा लेयर परत छापायचा म्हटलं तरी तो ब्लॉक आता जगात नाही. याला गमतीने सुसाइड प्रिंट म्हणतात ते उगाच नाही. पिकासोने १९५० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या दक्षिणेला व्हॅलॉरिसमध्ये ही पद्धत भरपूर वापरली, पण त्याचे ब्लॉक छापायला हिदाल्गो आर्नेरासारखा मुरलेला मुद्रक होता. आपण कोरणारे पण आपणच आणि छापणारे पण आपणच, तेव्हा रंग बिघडला की दोष कुणाचा ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

तर पहिली गोष्ट, बिघडलेला प्रिंट हातात घ्या, खिडकीपाशी जा आणि तिरका धरून बघा. समोरून बघू नका, समोरून सगळे बिघाड सारखेच मळके दिसतात. तिरका धरला की कळतं. रंग सगळीकडे एकसारखा गुळगुळीत बसलाय पण छटाच चुकीची आहे, म्हणजे खालचा रंग वरून दिसतोय. इंकचे बारीक थेंब थेंब होऊन चकाकतायत, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखे, म्हणजे खालचा थर वरच्याला धरत नाहीये. कडा फरकटल्यात आणि मधे खालच्या रंगाचे ओरखडे वर आलेत, म्हणजे खालचं ओलं होतं. आणि मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे किंवा खालच्या रंगाचे ठिपके दिसतायत तर इंक तरी कमी आहे नाहीतर दाब तरी. चारही बिघाडांवर उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर अजून वाट लागते, हे मी अनुभवाने सांगतेय.

आधी पहिला प्रकार, कारण सगळ्यात जास्त तोच होतो.

मी खंड्या पक्ष्याचा प्रिंट करत होते, तो लहानवाला खंड्या, पाठ निळी आणि पोट नारिंगी. रिडक्शनच्या नेहमीच्या नियमाने फिकटाकडून गडदाकडे जायचं, म्हणून पिवळा, मग नारिंगी, मग निळा असं ठरवलं आणि आनंदाने अठरा कागदांवर नारिंगी मारला. आता निळी पाठ कुठे येणार, तर त्याच नारिंगीवर. निळा आणि नारिंगी एकमेकांचे पक्के विरोधी रंग, एकमेकांत मिसळले की एकमेकांना मारतात आणि उरतो तो करडा-तपकिरी. काचेवर आपण ते मिसळत नाही म्हणून लक्षात येत नाही, पण कागदावर पातळ पारदर्शक निळ्यातून प्रकाश खाली जातो, नारिंगीला आपटून परत वर येतो, म्हणजे मिसळण्याचं काम कागदच करतो. पिवळ्यावर निळा टाकला तर हिरवा होतो हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, फक्त लिनो कोरताना ते आठवत नाही.

आपली इंक किती पारदर्शक आहे हे डब्यावर वाचून फारसं कळत नाही, करून बघा. कागदावर काळ्या पर्मनंट मार्करने जाड रेघ मारा, पूर्ण सुकू द्या आणि तिच्यावरून रोलरने इंकचा पातळ थर द्या, प्रिंटमध्ये असतो तेवढाच. रेघ जवळपास झाकली गेली तर इंक अपारदर्शक, रेघ स्पष्ट दिसतेय तर पारदर्शक. फ्थॅलो निळा, फ्थॅलो हिरवा, क्विनाक्रिडोन गुलाबी (ही रंगद्रव्यांची नावं, डब्यावर लिहिलेली असतात) यांच्यात रेघ ठळक दिसते. टायटॅनियम व्हाइट घातलेल्या कुठल्याही मिश्रणात ती बरीच झाकली जाते. मी प्रत्येक डब्याच्या झाकणावर हा तुकडा चिकटवून ठेवलाय आणि त्याने माझे जितके प्रिंट वाचलेत तितके कुठल्याच महागड्या रोलरने वाचवले नाहीत.

दुसरं म्हणजे काचेवरच्या ढिगावरून रंग ठरवायचाच नाही. ढिगात इंक जाड असते, तिथे फ्थॅलो निळा जवळजवळ काळा दिसतो, पसरला की एकदम विजेसारखा निळा. बोटाच्या टोकाला अगदी कणभर इंक घ्यायची आणि कागदावर टप टप टप करत दहा-पंधरा वेळा आपटायची, एकाच जागी नाही, पुढे पुढे सरकत, म्हणजे सुरुवातीला जाड आणि शेवटी पार विरत गेलेला असा पट्टा मिळतो. त्या पट्ट्याचा मधला भाग म्हणजे साधारण तुमचा प्रिंट. पण हा पट्टा कोऱ्या कागदावर नाही मारायचा, मागच्या लेयरच्या वाया गेलेल्या प्रिंटवर मारायचा. कोऱ्या कागदावर निळा निळाच दिसणार, त्यात काय नवल.

आणि वाया गेलेला प्रिंट हाताशी नसेल किंवा वाया घालवायचा नसेल तर पारदर्शक प्लास्टिक शीट घ्या, ॲसिटेट म्हणतात ते, त्याच्यावर रोलरने नवीन रंग फिरवा आणि ती शीट चांगल्या प्रिंटवर नुसती अलगद धरा, इंकची बाजू वर. पुढचा लेयर कसा दिसेल याचा नव्वद टक्के अंदाज येतो, पुसून टाका, रंग बदला, परत धरा. मी खंड्याच्या वेळी हे केलं असतं तर ही पोस्ट लिहायला लागली नसती.

आता उपाय. एक, खालचा रंग धरूनच वरचा रंग ठरवायचा, म्हणजे नारिंगीवर गडद तपकिरी हवाच असेल तर तपकिरी मिसळत बसू नका, पारदर्शक निळा टाका, फुकटात सुंदर तपकिरी मिळतो आणि तो मिसळलेल्या तपकिरीपेक्षा जास्त जिवंत दिसतो. दोन, निळा निळाच हवा असेल तर मधे अपारदर्शक पांढऱ्याचा किंवा फिकट करड्याचा एक लेयर घाला, फक्त जिथे निळा येणार तिथे. एका थरात झाकलं जात नाही, नारिंगी गुलाबीसर होऊन डोकावतो, तेव्हा तो सुकू द्यायचा आणि तोच परत मारायचा. जाड एक थर मारून काम भागवायला जाऊ नका, त्याने पुढे काय होतं ते खाली सांगते. तीन, आणि हा मला सगळ्यात आवडतो, मुळात नारिंगी पाठीवर जाऊच द्यायचा नाही. छोट्या रोलरने फक्त पोटाच्या भागाला इंक लावा, आणि न्यूजप्रिंटचा मास्क, म्हणजे झाकायला कागदाचा तुकडा, कापून पाठीवर ठेवून मग छापा. ब्लॉक सगळाच्या सगळा इंक केलाच पाहिजे असा कायदा कुणी केलेला नाही. मास्कची कड मात्र अशा जागी आणा जिथे नंतर गडद रंग येणार आहे, नाहीतर तिथे एक पुसट रेघ राहते आणि ती मग जन्मभर दिसते.

एक चूक इथे सर्रास होते, रंग मळका आला की त्यात पांढरा ओतायचा. पांढऱ्याने झाकण्याची ताकद वाढते हे खरं, पण रंग फिका आणि खडूसारखाही होतो. रंग नुसता हलका करायचाय, खालचं दिसलं तरी चालेल, तर ट्रान्सपरंट बेस घाला, एक्स्टेंडर म्हणतात तो. त्याने छटा तीच राहते, जोर कमी होतो. पांढरा आणि एक्स्टेंडर ही दोन वेगळी हत्यारं आहेत. आभाळ, पाणी, सावल्या यांना मी हल्ली निम्म्याहून जास्त एक्स्टेंडरच घालते.

आता कडा फरकटण्याचा प्रकार, म्हणजे खालचं ओलं असतानाच वर छापणं. ऑइल बेस्ड इंकमधलं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून गंमत बघा, पहिला लेयर भराभर सुकल्यासारखा वाटतो कारण थोडं तेल कागदही पितो, पण तिसरा चौथा लेयर कागदावर बसतच नाही, तो आधीच्या इंकवर बसतो, तिथे प्यायला कुणी नाही. त्यामुळे पहिल्याला दोन दिवस लागले म्हणजे चौथ्यालाही दोनच लागतील असं धरून चाललात की संपलं. आठवडा लागू शकतो, दमट हवेत त्याहून जास्त. गठ्ठा करून ठेवले तर हवाच लागत नाही आणि एकाची इंक दुसऱ्याच्या पाठीला लागते ती वेगळीच. दोरीवर चिमट्यांनी टांगा, मधून हवा खेळू द्या.

सुकलं का ते बघायला बोट नका लावू, बोटाचा तेलकट ठसा पुढच्या लेयरमध्ये उठून दिसतो. टिशूचा तुकडा कोपऱ्यात ठेवून हलकं दाबा आणि जरा फिरवा. काही लागलं नाही तर पुढे जा. घाई असेल तर कोबाल्ट ड्रायर मिळतो, पण ग्लोव्ह्ज घालून, आणि खरंच थेंबाच्या हिशोबात, कारण तो विषारी आहे आणि जास्त घातला की पुढचा बिघाड तोच घडवतो. वॉटर बेस्ड इंकचं उलटं आहे, ती सुकते लवकर, पण काही ब्रँड सुकल्यावरही पाण्याने परत सुटतात, मग वरचा ओला लेयर खालच्याला जागा करतो आणि दोन्ही मिळून चिखल. त्यांच्यात थर पातळ ठेवणं आणि इंकमध्ये पाणी न घालणं एवढं पाळा.

बरं, आता ते चकाकणारे थेंब. इथे खालचा थर इतका जाड किंवा इतका कडक झालेला असतो की वरची इंक त्याला चिकटतच नाही, काचेवर छापल्यासारखं होतं. कारणं बहुतेक तीन, इंक जाड लावली, ड्रायर जास्त झाला, किंवा दोन लेयरमध्ये महिना-दीड महिना गेला. हो, फार ओलंही नको आणि फार सुकलेलंही नको, हे ऐकायला त्रासदायक आहे पण तसंच आहे. हाताला लागत नाही पण अगदी काच झालेलं नाही, अशा अवस्थेत पुढचा लेयर सगळ्यात छान बसतो. आधीच चकचकीत होऊन बसला असेल तर मी मऊ कापडावर अगदी चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घेऊन तो भाग हलक्या हाताने घासते, चकाकी मरते, मग दुसऱ्या स्वच्छ कापडाने पावडर पूर्ण झटकून काढते आणि पुढचा रंग एका जाड थराऐवजी दोन पातळ थरांत मारते. दर वेळी शंभर टक्के जमतं असं नाही, आधी वाया गेलेल्या प्रिंटवर करून बघा.

जाडीचा विषय निघालाच आहे तर रोलरचं ऐका, म्हणजे खरोखर कानाने ऐका. इंक बरोबर असते तेव्हा काचेवर रोलर फिरवताना बारीक, एकसारखा सुस्स असा आवाज येतो आणि पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. चपाक चपाक असा ओला आवाज आला आणि इंक संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसली की जास्त झाली, काचेवरून थोडी खरवडून काढा. आठ लेयरचा प्रिंट करायचा असेल तर पहिले तीन लेयर इतके पातळ हवेत की तुम्हालाच वाटेल कमी पडलं. सुरुवातीला उधळपट्टी केली की शेवटचा काळा, ज्याच्यावर अख्खं चित्र उभं राहतं, तोच नेमका घसरतो. मिठासारखे ठिपके येत असतील तर मात्र उलट, आधी बॅरेनचा, म्हणजे कागद मागून घासायच्या चकतीचा, दाब वाढवा, कागद फार खडबडीत नाही ना ते बघा आणि शेवटी इंक वाढवा, थोडी थोडी, एकदम नाही.

पहिला प्रिंट आणि पंधरावा प्रिंट यांचा रंग वेगळा येणं हीसुद्धा नेहमीची तक्रार. इथे दोष बहुतेक इंक मधेच संपण्याचा असतो, दहाव्या प्रिंटला काच रिकामी, मग घाईघाईत परत मिसळायचं आणि ते जुळत नाही, जुळणारच नाही. छोटा डिजिटल काटा ठेवा आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवा, ४० ग्रॅम एक्स्टेंडर, ६ पिवळा, अर्धा निळा असं. चमच्याने आणि अंदाजाने नाही. गरजेपेक्षा थोडी जास्तच मिसळा, उरलेली ॲल्युमिनियम फॉइलमध्ये हवा काढून गुंडाळली की काही दिवस टिकते. आणि मिसळताना नेहमी फिकट रंगात गडद घाला, काडीच्या टोकावर येईल एवढाच. फ्थॅलो निळ्याच्या डब्यात पिवळा ओतून हिरवा करायला निघालात तर पिवळ्याचा अख्खा डबा संपेल आणि हिरवा काही येणार नाही.

आता एक असा बिघाड जो प्रिंटमध्ये नसतोच. पहिला फिकट पिवळा पांढऱ्या कागदावर भडक वाटतो म्हणून तुम्ही तो अजून फिका करता, आणि शेवटचा गडद लेयर आल्यावर तो पिवळा पार पांढरा वाटायला लागतो. इंक तीच, बदलला तो शेजार. पॅरिसच्या गोबलँ टॅपेस्ट्री कारखान्यात, म्हणजे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं बनायची तिथे, शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता, त्याच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्याने तपासलं तर रंगाईत खोट नव्हती, शेजारी निळे-जांभळे धागे विणल्यामुळे काळा मरत होता, आणि यातूनच पुढे १८३९ मध्ये त्याने रंगांच्या परस्पर परिणामाचा नियम छापला. आपल्या कामापुरतं एवढंच, की पहिला लेयर ठरवताना शेवटच्या गडद रंगाचा कागदाचा तुकडा शेजारी ठेवून बघा. आणि रात्री पिवळ्या बल्बखाली रंग मिसळू नका हो, सकाळी जो धक्का बसतो तो मी बऱ्याचदा खाल्लाय. दिवसाउजेडीच मिसळा.

ब्लॉकची सफाई थोडक्यात. कोरलेल्या खाचांमध्ये मागचा रंग अडकून राहतो आणि पुढच्या फिकट रंगात रेषा रेषा उठतात, विशेषतः गडदानंतर मधेच फिकट रंग टाकला असेल तर. जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा. वनस्पती तेलाने पुसत असाल तर नंतर साबणाच्या ओल्या फडक्याने तेल काढून ब्लॉक पूर्ण वाळवा, तेलाचा ओशटपणा राहिला की इंक तिथे बसत नाही आणि आपण दोष इंकला देतो. लिनो पाण्यात बुडवून मात्र ठेवू नका, मागचं तागाचं कापड पाणी पितं, ब्लॉक वाकतो, मग रजिस्ट्रेशनही, म्हणजे प्रत्येक रंग नेमक्या जागी बसणंही, गेलं. रजिस्ट्रेशन चुकल्यामुळे येणारी पांढरी कड लोक रंगाची चूक समजतात, तीही एकदा तपासा, प्रत्येक प्रिंटवर एकाच बाजूला कड दिसत असेल तर रंगाचा काही संबंध नाही, जिग, म्हणजे कागद आणि ब्लॉक जागेवर धरणारी चौकट, हललंय.

आणि कागद जास्त घ्या. बारा प्रिंटची एडिशन, म्हणजे एकसारख्या प्रिंटचा संच, हवी असेल तर पहिला लेयर सोळा-अठरा कागदांवर मारा. जास्तीचे चार-सहा कागद प्रत्येक लेयरला पुढे नेत राहायचं, पण आधी त्यांच्यावर रंग बघायचा आणि मगच चांगल्यांना हात लावायचा. शेवटी ते इतके बरबटलेले असतात की कधी कधी तेच जास्त छान दिसतात, पण ते जाऊ दे.

खंड्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. अठरापैकी पाच कागदांवर मातकट निळा मारून झाला होता तेव्हा थांबले. उरलेल्या तेरांवर आधी पाठीच्या आकाराचा मास्क उलटा कापून, म्हणजे फक्त पाठ उघडी ठेवून, टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित निळा घालून दोन थर दिले, मधे सहा दिवस टांगून ठेवले. नशिबाने पाठीचा भाग तोवर कोरला नव्हता. मग निळा मारला आणि या वेळी तो निळा आला, एका पंखाच्या कडेला मास्क अर्धा मिलिमीटर सरकला होता तिथे नारिंगीची एक बारीक रेघ राहिली, तेराही प्रिंटवर, थोडी इकडे थोडी तिकडे. ती झाकायला शेवटचा काळा तिथे जरा रुंद ठेवायचा ठरवलं होतं, पण प्रूफ, म्हणजे चाचणीचा प्रिंट, काढून बघितलं तर ती रेघ असल्यामुळेच पंख कागदापासून सुटा वाटत होता, म्हणून काळा तिथून कोरून काढला आणि रेघ तशीच ठेवली.